सहा रोलरची करामत

सदर : यंत्राच्या पोटात

बालमित्रांनो, गेल्या आठवड्यात आपण शिलाई मशीनच्या पोटात डोकावलो होतो. खालचं मोठं चाक, वरचं छोटं चाक आणि त्या दोघांना जोडणारा पट्टा, आठवतंय ना? आज पुन्हा एक पट्टाच भेटणार आहे, पण तो आहे स्कूटरमधला. आणि हा पट्टा मोठा वस्ताद! शिलाई मशीनच्या पट्ट्यासारखा तो एका जागी बसून राहत नाही. धावता धावता चाकांचा आकारच बदलून टाकतो!

त्याची आठवण झाली ती साताऱ्याच्या एका आठवीतल्या वाचकाच्या पत्रामुळे. तो लिहितो :

"बाई, आमच्या घरी एकच स्कूटर आहे. आई तिच्यावरून जेवणाचे डबे पोचवते. पुढे पायाशी पिशवी, मागे डब्यांचा क्रेट. चढ आला की गाडी नुसती रडते. दादा कॉलेजात आहे. तो म्हणतो, आतले रोलर काढून हलके रोलर टाकू, मग बघ पिकअप! त्याच्या मित्राने तसं केलंय. त्याची गाडी सिग्नल सुटला की सगळ्यांच्या पुढे पळते. आई म्हणते, पेट्रोल जास्त पिईल, माझ्या गाडीला हात लावायचा नाही. रोज रात्री जेवताना हेच भांडण. बाई, तुम्हीच सांगा, खरं कोणाचं?"

आता आली का पंचाईत! दोन्ही बाजूंनी घरचीच माणसं. पण निकाल द्यायचा तर आधी साक्षीदार तपासायला हवेत. आपले साक्षीदार आहेत सहा छोटे रोलर. चला तर मग त्यांच्याकडे.

गिअर लागतात कशाला?

तुमच्यापैकी कुणाकडे गिअरची सायकल असेल तर हे चटकन कळेल. चढावर आपण कोणता गिअर टाकतो? हलका. पाय भराभर फिरतात, सायकल हळू चालते, पण चढते. सपाटीवर जड गिअर टाकतो. पाय निवांत फिरतात आणि सायकल सुसाट जाते. एकाच वेळी दोन्ही फायदे मिळत नाहीत. जोर हवा तर वेग सोडावा लागतो आणि वेग हवा तर जोर.

स्कूटरच्या इंजिनाचंही तसंच. जुन्या बजाज चेतकला डाव्या हाताची मूठ पिरगळून चार गिअर टाकावे लागत. तुमच्या आजोबांना विचारा, ते हात हवेत फिरवून दाखवतील! त्याच काळात, १९७२ पासून, लूना नावाची छोटी मोपेड होती. तिला गिअर टाकायची भानगडच नव्हती, पण मोठा चढ आला की बिचारीला पेडल मारून मदत करावी लागे. मग १९८४ साली पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर कायनेटिक होंडा ही स्कूटर आणली. बटण दाबलं की सुरू, मूठ पिळली की चालू, आणि गिअर बदलायचं काम गाडी स्वतःच करणार! पुढे २००१ मध्ये अॅक्टिव्हा आली आणि अशा स्कूटर घरोघरी झाल्या.

गिअर स्वतःच बदलतात म्हणजे आत कुणी बसलेलं असतं का? हो, सहा जण बसलेले असतात. पण त्यांना भेटण्याआधी एक प्रयोग करू.

दोन वाट्या आणि एक दोरी

स्वयंपाकघरातून दोन पसरट वाट्या आणा (आईला विचारून हं!). त्या आडव्या धरून बुडाला बूड समोरासमोर आणा, पण टेकवू नका. मध्ये थोडी फट ठेवा. आता तुम्हाला वर रुंद आणि खाली निमुळती अशी खाच दिसेल. उडी मारायच्या दोरीचा एक तुकडा या खाचेवर मित्राला ठेवायला सांगा. दोरी जिथे मावेल तिथवर आत जाऊन बसेल. आता वाट्या हळूहळू जवळ आणा. काय झालं? दोरी वर सरकली! वाट्या लांब केल्या की ती पुन्हा खोल बसते.

झालं! स्कूटरचं निम्मं गुपित तुम्ही उघडलं.

स्कूटरच्या डाव्या बाजूला मागच्या चाकापर्यंत गेलेलं एक लांबट झाकण असतं. त्याच्या आत अशा वाट्यांच्या दोन जोड्या असतात. त्यांना पुली म्हणतात. एक पुली पुढे, इंजिनाच्या दांड्यावर. दुसरी मागे, चाकाच्या बाजूला. दोघींना जोडणारा रबरी पट्टा, म्हणजे बेल्ट. प्रत्येक पुलीची एक वाटी पक्की असते आणि दुसरी सरकू शकते.

गाडी निघताना पुढच्या वाट्या लांब असतात, म्हणून बेल्ट तिथे खोल बसतो आणि छोटं वर्तुळ करतो. मागच्या वाट्या जवळ असतात, म्हणून तिथे मोठं वर्तुळ होतं. समजा पुढचं वर्तुळ ५ सेंटिमीटर व्यासाचं आणि मागचं साडेबारा सेंटिमीटरचं. मग मागची पुली एकदा फिरायला इंजिनाला अडीच फेरे मारावे लागतील. वेग कमी, जोर जास्त. हाच आपला चढाचा गिअर.

गाडीने वेग घेतला की पुढच्या वाट्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी काही वाढत नाही, म्हणून मागे तो वाट्या फाकवून खोल उतरतो. समजा आता पुढे १० आणि मागे ८ सेंटिमीटर झालं. मग इंजिनाच्या एका फेऱ्याला मागची पुली सव्वा वेळा फिरते. हा झाला सपाटीचा गिअर. आणि या दोन टोकांच्या मध्ये किती गिअर? चार नाहीत, पाच नाहीत, मोजताच येणार नाहीत इतके! पायऱ्यांऐवजी घसरगुंडीच म्हणा ना.

ही युक्ती मोटारीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली ती नेदरलँड्समधल्या डाफ कंपनीने. १९५८ साली त्यांनी डाफ ६०० ही छोटी मोटार दाखवली. तिला उलटं जायचा वेगळा गिअर नव्हता, त्यामुळे ती जेवढ्या वेगाने पुढे धावे तेवढ्याच वेगाने मागेही धावू शके! पुढे तिथे अशा गाड्यांच्या चक्क उलट्या धावण्याच्या शर्यती झाल्या. आहे की नाही गंमत!

गोफणीतले सहा जण

आता पुढच्या वाट्या जवळ ढकलतं कोण? तेच आपले सहा रोलर. बोटाच्या पेराएवढे, नळकांड्याच्या आकाराचे. ते सरकणाऱ्या वाटीच्या पाठीमागे सहा खोबणींत बसलेले असतात. खोबण मध्याजवळ ऐसपैस आणि कडेकडे निमुळती होत जाते. या सगळ्या जुळणीला मेकॅनिक व्हेरिएटर म्हणतात.

शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवतात ती पाहिली आहे ना? जितकी जोरात फिरवावी तितकी दोरीला ओढ लागते. दगड जणू बाहेर पळायला बघतो. रोलरही तसेच बाहेर पळायला बघतात. इंजिन हळू फिरत असताना ते मध्याजवळ गुपचूप बसतात. इंजिन जोरात फिरलं की कडेकडे सरकतात. तिथे जागा निमुळती, मग ते काय करणार? वाटीला ढकलून जागा करून घेणार! वाटी ढकलली गेली की बेल्ट वर चढला. ना तार, ना लिव्हर, ना वीज. नुसती गोफण!

आणि या ढकलाढकलीला "थांबा, थांबा" म्हणणारी एक स्प्रिंग मागच्या पुलीत असते. ती मागच्या वाट्या जवळ दाबून धरते. चढ लागला, इंजिन दमलं, फेरे कमी झाले, की रोलरचा जोर ओसरतो. मग स्प्रिंग जिंकते आणि बेल्ट पुन्हा चढाच्या गिअरला येतो. म्हणजे पुढे रोलर, मागे स्प्रिंग आणि मध्ये बेल्ट. रस्सीखेचच ही!

रोलर हलके केले तर?

यासाठी दुसरा प्रयोग. रिकाम्या बॉलपेनची नळी घ्या. तिच्यातून मीटरभर मजबूत दोरा ओवा. वरच्या टोकाला खोडरबर घट्ट बांधा, खालच्या टोकाला एक छोटं कुलूप. मैदानात, सगळ्यांपासून दूर उभे राहून नळी हातात धरा आणि खोडरबर डोक्यावर गरगर फिरवा. हळू फिरवलं तर कुलूप खाली जातं. जोरात फिरवलं तर खोडरबर बाहेर पळतं आणि कुलूप वर उचललं जातं. कुलूप एका जागी तरंगत राहील असा वेग शोधा आणि दहा सेकंदांत किती फेरे होतात ते मोजा.

आता खोडरबर कापून निम्मं करा. कुलूप तेच. दोरा पहिल्याइतकाच बाहेर ठेवून कुलूप तरंगतं ठेवायला आता जास्त भराभर फिरवावं लागेल. पण किती? दुप्पट? नाही! आधी दहा फेरे होत असतील तर आता साधारण चौदा. कारण बाहेर पळण्याची ओढ वजनाच्या पटीत वाढते, पण फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढते. फेरे दुप्पट केले तर ओढ चौपट होते. म्हणून वजन निम्मं झालं तर फेरे २ च्या वर्गमूळाइतके, म्हणजे १.४ पट लागतात.

हाच हिशेब स्कूटरला लावू. समजा प्रत्येकी १२ ग्रॅमचे रोलर मिनिटाला ५००० फेऱ्यांवर बेल्टला एका ठरावीक जागी आणतात. त्यांच्या जागी १० ग्रॅमचे टाकले, तर बेल्ट त्याच जागी यायला सुमारे ५५०० फेरे लागतील. हा ढोबळ हिशेब झाला, पण मुद्दा लक्षात आला ना? हलके रोलर आळशी असतात. उशिरा सरकतात. म्हणून गाडी चढाच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहते आणि इंजिन भराभर फिरत राहतं.

आणि इंजिनाला भराभर फिरणं आवडतं बरं का! ११० सीसीच्या साध्या स्कूटरचं इंजिन जास्तीत जास्त आठाच्या आसपास अश्वशक्ती देतं, पण तीही मिनिटाला साडेसात-आठ हजार फेऱ्यांना. कमी फेऱ्यांवर कमी देतं. हलक्या रोलरमुळे इंजिन या जोरकस फेऱ्यांच्या जवळ राहतं. म्हणून गाडी पटकन वेग घेते. दादा ज्याला पिकअप म्हणतो, त्याला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्वरण म्हणतात.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

म्हणजे दादा जिंकला? थांबा. घाई नको.

हलक्या रोलरने इंजिनाची ताकद वाढली का? मुळीच नाही. विहीर तीच, पाणी तेवढंच. फक्त आपण पोहरा भराभर ओढायला लागलो. इंजिनाची जी सर्वांत मोठी ताकद आहे, तिच्यापुढे एक कणभरही जास्त मिळत नाही. त्यामुळे गाडीचा सर्वांत जास्त वेग वाढत नाही. उलट रोलर फारच हलके टाकले, तर बेल्टला वरपर्यंत ढकलायची त्यांची ताकदच राहत नाही. मग इंजिन नुसतं किंचाळतं आणि गाडी पुढे जात नाही. फार जड टाकले तर उलटा घोळ होतो. घाटाच्या पायथ्यालाच गाडी जड गिअरमध्ये जाते आणि धापा टाकते.

स्प्रिंगचंही तसंच आहे. मागची स्प्रिंग कडक बसवली तर चढावर गिअर पटकन उतरतो हे खरं. पण बेल्ट जास्त चिमटला जातो, जास्त तापतो आणि लवकर झिजतो. क्लचच्या छोट्या स्प्रिंग कडक बसवल्या तर क्लच उशिरा पकडतो. गाडी निघताना उसळी मारते, पण गर्दीत हळूहळू चालवताना क्लच घसरत राहतो आणि तापतो.

आणि पेट्रोल? इंजिन जास्त फेरे मारणार तर जास्त पिणारच. आईच्या गाडीचा हिशेब मांडू या. समजा ती रोज ३० किलोमीटर फिरते, म्हणजे महिन्याला ९०० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर २० लिटर लागतात. हलक्या रोलरने ती ४० वर आली तर साडेबावीस लिटर. अडीच लिटर जास्त. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला अडीचशे रुपये झाले. डबे पोचवून पैसे मिळवणाऱ्या आईला ते अडीचशे रुपये दिसतात. सिग्नलला पुढे पळणाऱ्या मित्राला दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट. मघाचा तो वर्ग आठवतोय ना? तो इथेही लपून बसला आहे! गाडीचा वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर साधारण चौपट होतं. रोलर बदलले म्हणून ब्रेक बदलत नाहीत, टायर बदलत नाहीत आणि समोरून रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंची चालही बदलत नाही. गाडी लवकर पळायला लागली, पण लवकर थांबायला लागली का? सिग्नलवरच्या शर्यतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून आपण विचारायचा.

मग खरं कोणाचं?

माझं म्हणणं असं, की आधी तिसऱ्याच गोष्टीकडे बघा. स्कूटर चढावर रडते, पण ती पहिल्यापासूनच रडत होती का? की हल्ली रडायला लागली? हे आईलाच विचारा. रोज चालवणाऱ्याइतकी गाडी कुणालाच कळत नाही.

हल्ली रडायला लागली असेल, तर दोष रोलरच्या वजनाचा नाही, वयाचा असू शकतो. हजारो किलोमीटर घसरून गोल रोलर एका बाजूने चपटे होतात. मग ते नीट सरकत नाहीत, अडकतात आणि गाडी धक्के मारते. बेल्ट झिजून अरुंद झाला तर वाट्यांमध्ये तो ठरल्यापेक्षा खोल बसतो आणि गिअरचं गणितच बिघडतं. क्लच घासून गुळगुळीत झाला तर घसरतो. एअर फिल्टर धुळीने भरला तर इंजिनाचा श्वास कोंडतो. टायरमध्ये हवा कमी असली किंवा ब्रेक घासत राहिला, तर निम्मा जोर तिथेच जिरतो.

तेव्हा आमच्या सातारकर मित्राने पुढच्या रविवारी आई आणि दादा या दोघांना घेऊन मेकॅनिककडे जावं. एक यादी करावी : हवा, फिल्टर, ब्रेक, क्लच, बेल्ट, रोलर. एकेक तपासून घ्यावं. रोलर चपटे निघाले तर कंपनीने ठरवलेल्याच वजनाचे नवे सहा टाकावेत. बहुतेक वेळा गाडी तेवढ्यानेच खूश होते आणि पेट्रोलही वाढत नाही.

एवढं करूनही भरल्या डब्यांनिशी चढ अवघड जात असेल, तर? तर दादाचं म्हणणं वाऱ्यावर सोडू नका. वजन घेऊन रोज चढ चढणाऱ्या गाडीला किंचित हलके रोलर खरंच उपयोगी पडतात. पण किंचितच. सहाच्या सहा एकाच वजनाचे. जाणकार मेकॅनिककडून. आणि बदलल्यानंतर महिनाभर पेट्रोलची वही ठेवायची. वाढलेला खर्च परवडतो की नाही, ते आईने ठरवायचं. कारण गाडी तिच्या कामाची आहे आणि हिशेबही तिचाच आहे. गाडी कंपनीच्या हमीच्या मुदतीत असेल, तर असा बदल चालतो का हे आधी विचारून घ्यायचं.

म्हणजे चढाबद्दल दादा बरोबर, पेट्रोलबद्दल आई बरोबर. आणि सिग्नलवरच्या शर्यतीबद्दल? तिथे कुणीच बरोबर नाही!

पालकांसाठीही दोन ओळी. सोळाव्या वर्षी मिळणारं बिनगिअरचं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी असतं. घरातली ११० सीसीची स्कूटर बिनगिअरची दिसली तरी तिला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकांना किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "कोपऱ्यावरच तर जातोय" हे कारण कोर्टात चालत नाही, आणि रस्त्यावर तर नाहीच नाही.

आणि मुलांनो, डावं झाकण उघडून आत बघायची हौस असेल तर मेकॅनिककाकांच्या शेजारी उभं राहून बघा, तेही इंजिन बंद असताना. फिरता बेल्ट बोट ओळखत नाही.

जाता जाता एक गंमत. चेतक २०२० साली पुन्हा बाजारात आली, पण विजेवर चालणारी. तिच्यात ना वाट्यांची जोडी, ना रोलर. विजेची मोटर थांबलेल्या स्थितीपासूनच भरपूर जोर देते, म्हणून बहुतेक विजेच्या स्कूटरना ही गोफण लागतच नाही. काही वर्षांनी तुम्ही तुमच्या मुलांना सांगाल, "आमच्या वेळी स्कूटरमध्ये सहा रोलर असायचे बरं का!" आणि ती म्हणतील, "म्हणजे काय हो?" तेव्हा काढा दोन वाट्या आणि एक दोरी!

डोकं चालवा

गेल्या आठवड्याचं उत्तर : शिलाई मशीनचं खालचं चाक ३० सेंटिमीटर आणि वरचं साडेसात सेंटिमीटर व्यासाचं, म्हणून खालचं चाक एकदा फिरलं की वरचं चार वेळा फिरतं, म्हणजेच चार टाके.

या आठवड्याचे प्रश्न :

१. (छोट्यांसाठी) पुढच्या पुलीवर बेल्टचं वर्तुळ ५ सेंटिमीटर व्यासाचं आणि मागच्या पुलीवर १० सेंटिमीटरचं आहे. इंजिनाने ६० फेरे मारले तर मागची पुली किती वेळा फिरेल?

२. (मोठ्यांसाठी) १६ ग्रॅमचे रोलर ४५०० फेऱ्यांवर बेल्टला एका जागी आणतात. त्यांच्या जागी ९ ग्रॅमचे टाकले तर बेल्ट तिथेच यायला किती फेरे लागतील? वर्गमूळ विसरू नका!

३. (सगळ्यांसाठी) घरातल्या स्कूटरच्या टायरमध्ये हवा किती हवी, हे गाडीवर किंवा तिच्या पुस्तिकेत कुठे लिहिलं आहे ते शोधा. मग पेट्रोल पंपावर जाऊन मोठ्यांसमोर हवा तपासून घ्या. आधी किती होती आणि नंतर किती भरली, दोन्ही आकडे मला कळवा.

पुढच्या आठवड्यात जाऊ या प्रेशर कुकरच्या पोटात. शिट्टी नेमकी केव्हा वाजते आणि का वाजते, याचा तोवर विचार करून ठेवा.

तुमच्याच,
बाई